तिटेएवढं काळं

माझ्याकडे येणारी बहुतेक माणसं खुर्चीत नीट टेकायच्या आधीच स्वतःवर तुटून पडतात. "मॅडम, मी कशाच्याच कामाचा न्हाई." "बाई, समदं माज्याच पायी झालं." मी पंख्याचं बटण दाबेपर्यंत आरोप ठेवून, गुन्हा कबूल करून, शिक्षाही सुनावून झालेली असते. हे कोर्ट नाही, समोर एक साधी बाई बसलीय आणि तिला अजून आपलं गावसुद्धा माहीत नाही, हे त्यांच्या ध्यानातच येत नाही.

मी अंबाजोगाईत मानसोपचार करते. गोळ्या लिहून देणारी डॉक्टर नव्हे. माझं काम ऐकण्याचं आणि बोलण्याचं. लोक मला 'डोक्याच्या बाई' म्हणतात. आधी मी दुरुस्ती करायची, आता करत नाही. खोली एका औषधाच्या दुकानावर आहे. जिना इतका अरुंद की वर येणारा आणि खाली उतरणारा समोरासमोर आले तर एकाला भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. वर पोचेपर्यंत माणसांना धाप लागते, म्हणून दाराशी पाण्याचा माठ ठेवलाय.

स्वतःला घालूनपाडून बोलणाऱ्या माणसांबरोबरच काम करायचं, असं काही मी ठरवलं नव्हतं. ती येत गेली आणि माझं त्यांच्याशी जमत गेलं. का जमतं ते कळायला मात्र बराच काळ लागला.

पुण्यात शिकत होते तेव्हा आमच्या शिक्षिकेने एकदा वर्गातल्या प्रत्येकाला आरशासमोर उभं केलं. स्वतःच्या डोळ्यांत बघून स्वतःबद्दल एक चांगलं वाक्य म्हणायचं होतं. बाकीच्यांनी म्हटलं. कुणी लाजत, कुणी हसत, पण म्हटलं. माझी पाळी आली आणि माझी जीभ टाळूला चिकटली. मला वाईट वाटत नव्हतं, मला भीती वाटत होती. शिक्षिका प्रेमाने म्हणाल्या, तुझ्यात आत्मविश्वास कमी आहे. मी मान डोलावली. पण मला तेव्हाही ते पटलं नव्हतं. माझ्यात भांडण्यापुरता आत्मविश्वास भरपूर होता, तो आजही आहे.

त्या भीतीचं नाव मला पुढे एका पुढाऱ्याने सांगितलं. मोठा बागाईतदार माणूस. वाढदिवस आला की चौकाचौकात त्यांचा हात जोडलेला फोटो लागतो आणि त्याखाली इतकी विशेषणं असतात की फोटोला जागा कमी पडते. झोप येत नाही म्हणून ते माझ्याकडे यायचे, तेही डोक्याला उपरणं गुंडाळून. पाठीमागच्या रस्त्याला गाडी लावायचे. सगळ्या तालुक्याला ऐकू जाईल असा आवाज, पण माझ्यासमोर बसले की बापाच्या नजरेतून मी कसा उतरलो, एवढंच पुटपुटायचे. एक दिवस मी त्यांना म्हणाले, स्वतःबद्दल एक चांगली गोष्ट सांगा. त्यांनी दाराकडे बघितलं.

"ते कार्यकर्ते सांगतेत की, मॅडम."

मला हसू आवरेना. तेही हसले. मग एकदम गंभीर झाले आणि खाली बघून म्हणाले, "आपल्या तोंडानं आपलं कसं सांगावं? बरं दिसत न्हाई." आणि हळूच पुढे म्हणाले, "आन् बरं नसतंय ते."

शेवटचं वाक्य मी आमच्या घरी शंभरदा ऐकलं होतं. बरं नसतं ते. कुणाची नजर लागेल.

आमचं घर मेंढरांचं. लिंबागणेशच्या बाजूला माळावर आमचं वाडगं होतं, काटेरी फांद्यांचं कुंपण घातलेलं. वडील मेंढरं राखायचे. त्यांना कुणी विचारलं, किती हायत, की त्यांचं उत्तर ठरलेलं: "हायत की चार-दोन मरतुकडी." ती चार-दोन मरतुकडी वाडग्यातून बाहेर पडायला लागली की बीडकडे जाणारी एसटी थांबून राहायची आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमायचा. मेंढरांकडे बोट करून मोजायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. जे कोकरू अंगाने भरलेलं, चालीला दमदार, त्याला तर वडील सगळ्यात जास्त शिव्या घालायचे. आणि सकाळी आई भाकरी करायला बसली की तव्याच्या बुडाला अंगठा घासून ती काजळी त्याच कोकराच्या कपाळाला फासायचे. बाहेरच्या माणसाला वाटायचं, कोकरू कुठेतरी मळलंय. आम्हा भावंडांना मात्र ठाऊक होतं, ज्याचं कपाळ काळं ते वडिलांचं लाडकं.

माणसांनाही तोच न्याय होता. शाळेत मी पहिली आले तेव्हा गुरुजी घरापर्यंत सांगायला आले. वडील घोंगडी झटकत म्हणाले, "घरात काडी इकडची तिकडं करत न्हाई ती. लई आळशी हाय." गुरुजींचा चेहरा पडला. मी वाडग्यामागे जाऊन रडले. आई म्हणाली, "नापास न्हाई झालीस ते बरं झालं," आणि मला कांदा चिरायला बसवलं. कुणी मारलं नाही, कुणी उपाशी ठेवलं नाही, शिकायला नाही म्हटलं नाही. फक्त चांगलं म्हणून कुणी म्हटलं नाही.

कॉलेजसाठी अंबाजोगाईला निघाले त्या दिवशी आई भाकरी करत होती. वडिलांनी तव्याच्या बुडाला अंगठा घासला, माझ्यापाशी आले आणि माझ्या कानामागे तो टेकवला. बोलले काही नाहीत. मेंढरं सोडायची वेळ झाली होती, ते तसेच पाठ फिरवून गेले. मला भयंकर राग आला. होस्टेलच्या मुली काय म्हणतील? एसटीत मी रुमाल काढला, ओला केला. आणि मग तसाच पिशवीत ठेवून दिला. कावून, म्हणजे का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. आज सांगता येतं. मला कळलं होतं की मी लाडकी आहे.

वडील आता नाहीत. त्यांचं बोलणं मात्र माझ्या डोक्यात मुक्कामाला आहे. एखादं काम चांगलं झालं की आत कुणीतरी लगेच घोंगडी झटकतं. लई आळशी हाय. पूर्वी मी त्या आवाजाशी भांडायचे. आता माझ्या लक्षात आलंय की तो आवाज राखणीला बसलेला आहे. तो म्हणतो, तू स्वतःच स्वतःला वाईट म्हणून टाक, म्हणजे दुसऱ्या कुणाचं लक्ष जाणार नाही. एवढंच की, कोकराला मरतुकडं म्हटलेलं कळत नाही आणि मुलीला कळतं. ती ते खरं मानून बसते.

म्हणून कुणी माझ्यासमोर स्वतःवर तुटून पडलं की मी त्याला 'तुम्ही चांगले आहात' असं सांगत नाही. ती घाई बाकी सगळ्यांनी केलेलीच असते. मी विचारते, हे बोलणं कशाची राखण करतंय? ते थांबलं तर काय होईल असं वाटतं? कधी उत्तर लगेच येतं, कधी महिने जातात. आणि कधी उत्तर असं येतं की मलाच गप्प बसावं लागतं.

हे सगळं लिहायचं कारण एक मुलगी आहे. तिला विचारून लिहिते आहे, आणि तिची ओळख पटेल असं काही इथे ठेवलेलं नाही. युसूफ वडगावच्या बाजूच्या एका शेतकरी घरातली ती सून. वय पंचविशीच्या आतलं. सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांनी तिला माझ्याकडे पाठवलं. त्यांनी गोळ्या सुरू केल्या होत्या, झोप थोडी लागायला लागली होती. पण एक गोष्ट गोळ्यांनी हलत नव्हती. ती आपल्या मुलीकडे बघत नव्हती.

मी आधी त्याचा अर्थ लक्ष देत नाही असा घेतला. तसं नव्हतं. ती खरोखरच बघत नव्हती. पहिल्या दिवशी जिन्यातून सासू पुढे आली, कडेवर सहा महिन्यांची पोर. मागून ही, पदर भुवयांपर्यंत ओढलेला. पोर भुकेली झाली तेव्हा ही भिंतीकडे तोंड करून बसली, सासूने पोरीला पदराखाली सरकवलं, आणि दूध पिऊन होईपर्यंत हिने डोळे मिटून घेतले होते. हात मात्र पोरीच्या पाठीवरून फिरत होता, न चुकता, अगदी मायेने. ज्या बाईला लेकरू नको असतं तिचा हात असा फिरत नाही.

"आमी हिला येक शबुद बोललो न्हाई, बाई," सासू म्हणाली. सून तिला आत्या म्हणायची. तिकडे सासूला तसंच म्हणतात. मी अशा पुष्कळ सासवा बघितल्या आहेत ज्या एक शब्दही बोललेल्या नसतात, त्यामुळे मी मनातल्या मनात नाक मुरडलं. मोठ्याने म्हणाले, मावशी, तुम्ही थोडा वेळ बाहेर बसता का?

सून कितीतरी भेटींत एकच बोलत राहिली. मी वाईट हाय. मी चांगली न्हाई. माज्या डोळ्यांतच खोट हाय. मी ऐकत राहिले. मला मुलीची काळजी वाटत होती, ती मी लपवत नाही. तेवढं लेकरू आईचा चेहरा शोधतं. शोधून सापडला नाही तर काही दिवस आणखी शोधतं, आणि मग शोधायचं थांबतं. ही पोर अजून आईच्या आवाजाकडे मान वळवत होती. पण नजर मिळाली नाही की परत आजीकडे बघायची, आणि ते परत वळणं दर खेपेला लवकर होत होतं. आमच्या हातात फार वेळ नव्हता.

मग एका दुपारी तिने सांगितलं. खाली दुकानात कुणीतरी जोरजोरात बिलावरून वाद घालत होतं, मी उठून खिडकी लावली, आणि माझी पाठ तिच्याकडे असताना ती बोलायला लागली. माझ्या तोंडाकडे बघून तिला ते सांगता आलं नसतं.

आधीचा एक मुलगा होता. घरात लग्न होतं, नात्यातलं. त्याला न्हाऊमाखू घालून नवे कपडे घातले, आत्याने गालावर काजळाची तीट लावली. नवरा मोबाइल घेऊन आला, फोटो काढू म्हणाला. हिला वाटलं, फोटोत गाल काळा दिसेल. हिने पदराच्या टोकाने तीट पुसून टाकली. फोटो झाला. मग ती त्याच्याकडे बघतच राहिली. "मी म्हणले, लई गोड दिसायलंय माजं बाळ. मोठ्यांदा म्हणले, बाई. तीट पुसल्याली, आन् मी तसं म्हणले." परत तीट लावायची तर गडबडीत कुणीतरी हाक मारली आणि राहून गेलं. त्या रात्री ताप चढला. दवाखान्यात नेलं. मेंदूत ताप गेला, असं डॉक्टर म्हणाले. बाळ परत आलं नाही.

"आईचीच नजर सगळ्यात आदी लागती म्हणतेत," ती म्हणाली. "दुसऱ्याची उतरवता येती. आईची उतरत न्हाई."

तोच फोटो मोठा करून, हार घालून घरात लावलाय. स्वच्छ गाल. ती रोज त्याच्याखालून जाते. तीट पुसल्याचं तिने कुणालाच सांगितलेलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. त्याच्या तर ध्यानातही आलं नव्हतं.

मी नजर मानत नाही. तसं मी तिला सांगितलं, कारण माणसाशी खोटं बोलून त्याचं दुःख हलकं करता येतं यावर माझा विश्वास नाही. बाळाला आजार झाला होता, तो आजार तुझ्या बघण्याने आला नाही, हेही सांगितलं. तिने मान डोलावली. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हाही अशीच डोलावली असेल. मी शिक्षिकेसमोर डोलावली होती तशी.

मग मी विचारलं, "तू स्वतःला एवढं वाईट म्हणतीस. हे म्हणणं एक दिवस थांबलं, तर काय होईल?"

"मंग मी हिच्याकडं बघल."

"आणि?"

"मंग हीबी जाईल."

मी पाणी प्यायले. ही मुलगी आईपणात कमी पडत नव्हती. इतके महिने, आपलं सगळ्यात मोठं सुख डोळ्यांआड ठेवून, ती राखण करत बसली होती.

"म्हणजे तू राखण करायलीस तिची," मी म्हणाले. माझ्या तोंडात माळावरची भाषा आपोआप आली. "मी मेंढरं राखणाऱ्याची लेक हाय. मला राखण कळती. तू लई दमलीयस."

त्या दिवशी ती पहिल्यांदा रडली. त्याआधी इतक्या भेटींत तिच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. रडण्याचा हक्कही तिने स्वतःला दिलेला नव्हता.

पुढच्या भेटीत मी तिला माझ्या वडिलांची गोष्ट सांगितली, काजळीची. आम्हा मानसोपचार करणाऱ्यांना शिकवलेलं असतं की समोरच्याला आपलं काही सांगायचं नाही. मी सांगते, नेमकं लागेल तेवढं. मग विचारलं, तीट केवढी असते? तिने करंगळीचं टोक दाखवलं.

"आणि तू स्वतःला केवढी लावलीस? सगळं तोंडच काळं करून घेतलंस. नजर लागू नये म्हणून तिटेएवढं काळं पुरतं. तेवढं लावायचं आणि मग लेकराकडे पोटभर बघायचं, यासाठीच तर ती असते. आपल्या आयाबायांनी लेकरांकडे बघायचं सोडलं नाही."

मी विचारलं, "हिला रोज तीट कोण लावतं?"

"आत्या."

"एकदा तू लाव. इथे लाव. मी असेन, आत्या असतील."

ती उठली आणि गेली. त्यानंतरच्या भेटीला आली नाही, त्याच्या पुढच्याही. फोन लावला तर नवरा म्हणाला, कापसाचं काम हाय. दरम्यान दवाखान्यातल्या त्या डॉक्टरांचा दुसऱ्या कामासाठी फोन आला. मी त्यांना सांगितलं काय चाललंय ते. ते हसून म्हणाले, "आता तुम्ही तीटबीट लावायला सांगता काय? पुढच्या वेळी लिंबू-मिरची पण लिहून द्या." मी चिडले. म्हणाले, तुम्ही गोळी देताना पेशंटला विचारता ना, कशाबरोबर घ्यायची सवय आहे, दुधाबरोबर की पाण्याबरोबर? हिला तिटेबरोबर घ्यायची सवय आहे. फोन ठेवल्यावर माझाही जीव थाऱ्यावर नव्हता. मी दार उघडण्याऐवजी लावून तर घेतलं नाही ना, असं वाटत राहिलं. आत घोंगडी झटकली जात होती.

मग एका सकाळी ती आली. जिन्यात आधी सासूच्या पायांचा आवाज, मागून तिचा. पोर आजीच्या कडेवर. सासूने कमरेच्या पिशवीतून काजळाची डबी काढली, माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "ही म्हणली घ्या म्हणून घेतली. कावून ते सांगत न्हाई."

म्हणजे तिने घरी काहीच सांगितलेलं नव्हतं. मी तिच्याकडे बघितलं. ती डबीकडे बघत होती.

आम्ही सतरंजीवर बसलो. सासूने पोरीला मांडीवर घेतलं, हिच्यासमोर तोंड करून. हिने डबी उघडली, बोट बुडवलं. झाकण तिच्या हातातून निसटून गरगरत दाराशी गेलं. पोरीने त्याच्याकडे मान वळवली. हिने डोळे घट्ट मिटले आणि अंदाजाने बोट पुढे नेलं.

ते टेकलं नाकाच्या शेंड्यावर. पोर शिंकली.

सासूला हसू फुटलं. "अगं, नाकाला कुटं लावायलीस? माकड केलं की माज्या सोन्याचं," असं म्हणत तिने पदराचं टोक धरलं आणि पुसायला हात पुढे नेला.

"पुसू नका!"

ती किंचाळली. आणि सासूचा हात धरताना तिचे डोळे उघडले. समोर पोर होती, हातभर अंतरावर, नाकावर काळा ठिपका, घाबरून ओठ काढलेला.

"पुसू नका, आत्या. मीच पुसली होती त्याची. फोटोसाटी. मीच पुसली." ती बोलत होती सासूशी, पण डोळे पोरीवरून हलत नव्हते. ते हलवायचं तिला सुचतच नव्हतं.

इतक्या महिन्यांची राखण त्या एका किंचाळीत उघडी पडली होती. सासू आता काय म्हणेल यावर सगळं होतं. एक वाकडा शब्द आला असता तर ते डोळे पुन्हा मिटले असते, आणि मग मी काय, कुणीच ते उघडू शकलं नसतं.

सासूने हात खाली घेतला. पदर सोडला. बराच वेळ तिने पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "फोटोत दिसतंय की. मीच लावली होती, मला दिसणार न्हाई व्हय?"

सून तोंड उघडं ठेवून बसली होती.

"तुमाला ठावं होतं? आन् तुमी काईच बोलला न्हाई?"

"काय बोलायचं?" सासूचा आवाज बदलला. तो मी आजवर ऐकलेला नव्हता, आणि तिच्या सुनेनेही ऐकलेला नसावा. "तुज्या नवऱ्याच्या आदी मला येक लेक झाली होती. कुणाला ठावं न्हाई, तुज्या नवऱ्यालाबी न्हाई. माजी सासू लई कडक. रोज तीट लावायची तिला. गालाला, कपाळाला, तळपायाला. येक दीस चुकली न्हाई. मी तिला कदी गोड म्हणले न्हाई. भ्यायचे ना मी. आन् ती गेली. तीट गालावर हुती, तशीच गेली."

मग ती म्हणाली, "तू त्याला गोड म्हणलीस. पोटभर बघितलंस. मला तर तिचं तोंडबी नीट ध्यानात न्हाई."

मी इतकी वर्षं शिकले, शिकवलं, लोकांसमोर भाषणं दिली, पण तिथे बोलण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं आणि बोलायची गरजही नव्हती. मी नुसती रडले. अशा वेळी रडू नये असं पुस्तकात असतं. असू दे.

पोरीने मात्र आपलं काम सोडलं नव्हतं. समोरचा चेहरा तिच्याकडे बघतोय हे तिच्या ध्यानात आलं होतं. तो तिला नवीनच होता. काढलेला ओठ आत गेला. तिने मान थोडी तिरकी केली, मग सरळ केली, आणि दोन्ही हात पुढे टाकले. हातांनी आईचा पदर पकडून ओढला. पदर भुवयांवरून मागे गेला.

आई तिला निरखत होती. नाक, कान, भुवया, पुन्हा नाक. रडत होती आणि निरखत होती. मग भीतीने का मायेने, मला ठरवता येत नाही, बहुतेक दोन्हीने, ती पुटपुटली,

"कसली गं तू मरतुकडी."

ते शब्द मी लहानपणी रोज ऐकले होते. पण ते म्हणताना वडिलांची पाठ असायची माझ्याकडे, किंवा खाली वाकून ते काहीतरी करत असायचे. म्हणणाऱ्याचा चेहरा मी कधी बघितला नव्हता. तो त्या सकाळी पहिल्यांदा बघितला. माझा हात कानामागे गेला.

निघताना सासूने सवयीने पोरीला उचलायला हात पुढे केले. सून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, आत्या." तिने दाराशी पडलेलं झाकण उचललं, डबी बंद करून सासूच्या हातात दिली आणि पोरीला कडेवर घेतलं. खालून कुणीतरी वर येत होतं, त्याला तिने भिंतीशी थांबायला सांगितलं. मी वर दारात उभी होते. जिना ती सावकाश उतरली, पायऱ्यांकडे बघत आणि मधूनमधून थांबून पोरीकडे बघत. पोरीच्या नाकावरची तीट कुणीही पुसली नव्हती.